गोषवारा कोणासाठी, कोणत्या कामासाठी?

कार्यालयातील रोजचे वाचन, टिपण्या, बैठकांची इतिवृत्ते आणि प्रलंबित कामांच्या याद्या यांसाठी एआय सहायकाची मदत घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांत आलेली संस्थांची आणि व्यक्तींची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. रोज ७०-८० ईमेल येतात. त्यांचा सारांश मी एआय सहायकाकडून करून घेतो. पण 'पुरवठादाराने विलंबाबाबत कळवले असून चर्चा सुरू आहे' अशा वाक्यांपलीकडे त्यातून काही हाती लागत नाही आणि शेवटी मूळ ईमेल उघडावेच लागतात. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण सहायकाला नुसते 'सारांश करा' एवढेच सांगत असाल, तर चूक तेथे आहे. हिशेबाच्या दप्तरात सारांशासाठी 'गोषवारा' हा जुना आणि नेमका शब्द आहे. वर्षभराच्या नोंदींवरून गोषवारा काढणाऱ्या माणसाला तो कोण पाहणार आणि पाहून काय ठरवणार, हे ठाऊक असते. त्यामुळे कोणती रक्कम उचलायची आणि कोणती सोडायची याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नसतो. सहायकाला मात्र आपण कोण, आपल्यापुढे आज कोणता निर्णय आहे आणि कोणत्या चुकीची आपल्याला भीती वाटते, यातले काहीच ठाऊक नसते. त्यामुळे तो कोणालाही चालेल असा मोघम मजकूर देतो.

एक उदाहरण घेऊ. कास्टिंगचा, म्हणजे धातूच्या ओतीव भागांचा, पुरवठा रखडला आहे आणि त्याबाबत १४ ईमेलची मालिका झाली आहे, असे समजा. तिचा नुसता सारांश न मागता पुढीलप्रमाणे सांगून पाहावे : 'मी खरेदी विभागात काम करतो. या मालिकेतून मला चारच गोष्टी हव्या आहेत. पुरवठादाराने दिलेली सर्वांत अलीकडची तारीख, त्याआधी दिलेली तारीख, विलंबाचे त्याने सांगितलेले कारण आणि आमच्याकडून तो कशाची वाट पाहत आहे. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या तारखेच्या, कोणाच्या ईमेलमधून घेतली ते लिहा आणि मूळ वाक्य जसेच्या तसे द्या. उत्तर सापडत नसेल तर "उल्लेख नाही" असे लिहा, अंदाज करू नका.' एवढे सांगितल्यावर कदाचित असे उत्तर येईल की, पहिला वायदा १२ तारखेचा होता, तो १९ वर गेला. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, दुरुस्त करण्यासाठी पुरवठादाराला सुधारित ड्रॉइंग हवे आहे. आणि ते मागणारा ईमेल आपल्याच विभागाकडे ७ तारखेला येऊन पडला आहे. 'चर्चा सुरू आहे' या वाक्याखाली नेमकी हीच गोष्ट झाकली गेली होती. काम पुरवठादाराकडे अडलेले नसून आपल्याकडेच अडले आहे, हे कळल्यावर पुढचा फोन कोणाला करायचा तेही लगेच ठरते.

मूळ वाक्य जसेच्या तसे मागण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. ते समोर असले म्हणजे पडताळणीला फार तर दोन मिनिटे लागतात. नसले तर सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागतो आणि गोषवाऱ्याने वाचवलेला वेळ तेथेच खर्ची पडतो.

आणखी दोन गोष्टी आपल्या कामात उपयोगी पडतील. ईमेलच्या मालिकेत प्रत्येक नव्या उत्तराखाली जुना मजकूर पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे सहायक कधी कधी रद्द झालेली तारीखच अंतिम समजून बसतो. म्हणून केवळ नवा मजकूर तारखेच्या क्रमाने लावून द्यावा. दुसरे असे की, फार लांब मजकूर दिल्यास त्याच्या आरंभी आणि शेवटी असलेली माहिती ही साधने चांगली टिपतात, मधली मात्र त्यांच्या नजरेतून सुटू शकते, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील आणि अन्य संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले होते. त्यानंतर ही साधने बरीच सुधारली आहेत, तरीही ४० पानांची निविदा एकदम न देता तिचे भाग पाडून देणे आजही शहाणपणाचे आहे, कारण दंडाची आणि अनामत रकमेची कलमे बहुधा मधल्याच पानांवर असतात.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी शासकीय कार्यालयात लिपिक आहे. आवक टपाल खूप असते. नागरिकांचे अर्ज मोबाइलवरील एआय अॅपमध्ये टाकून त्यांचा सारांश आणि उत्तराचा मसुदा करून घेतला तर चालेल का? सहकारी म्हणतात की, नावे खोडली की काही अडचण नाही.

उत्तर : चालणार नाही, आणि नावे खोडल्यानेही अडचण दूर होत नाही. गावाचे नाव, गट क्रमांक आणि वाटणीच्या वादाची हकीकत एवढे अर्जात शिल्लक राहिले, तर त्या गावातला कोणीही माणूस तो अर्ज कोणाचा हे ओळखेल. अर्जदाराने आपली जमीन, आजार किंवा घरातले भांडण विश्वासाने शासनापुढे मांडलेले असते. आपल्या वैयक्तिक खात्यातून ते बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर पाठवण्याची परवानगी त्याने दिलेली नसते आणि ती देण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे कळवले, ते शासकीय माहितीच्या गोपनीयतेला धोका असल्याच्या कारणानेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला असून माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खासगी क्षेत्रातील वाचकांनीही हे लक्षात घ्यावे. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर त्या कंपनीने मे २०२३ मध्ये अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली होती. आपल्या विभागाने अधिकृतपणे एखादे साधन उपलब्ध करून दिले आणि त्यात कोणते कागद घालता येतील हे लेखी कळवले, तर गोष्ट वेगळी.

मग आपल्याला त्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो कामाच्या मांडणीत आहे. महसूल खात्यातील सहा गठ्ठ्यांची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच. आज कार्यवाही करायची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे म्हणजे नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे 'ड' वर्गातील कागद, असे सहा भाग केले की टेबलावरचा ढीग मोकळा होतो. एकट्या माणसाने रोजचे काम कसे लावावे याचे इतके व्यवहारी उत्तर नव्या पुस्तकांत मला क्वचितच आढळले. ही पद्धत सहायकाला समजावून सांगा आणि तिच्यानुसार एक्सेलमध्ये नोंदवहीचा तक्ता, त्यातील सूत्रे आणि आठवड्याच्या गोषवाऱ्याचा नमुना करून मागा. यात एकाही नागरिकाचा कागद बाहेर जात नाही. तक्त्यात नोंदी भरायच्या त्या आपण आपल्या संगणकावर.

मुदतींचे सूत्र विशेष काळजीने करून घ्यावे. माहितीच्या अधिकारातील अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते, हे सर्वांच्या लक्षात असते. मात्र मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज, किंवा त्याचा तेवढा भाग, ५ दिवसांच्या आत तिकडे वर्ग करावा लागतो. ही मुदत अनेकदा निसटते, कारण नोंदवहीत ३० दिवसांचाच स्तंभ असतो. दोन्ही मुदतींचे स्वतंत्र स्तंभ ठेवा आणि मुदत संपण्यास दोन दिवस उरले की रकाना लाल होईल असे सूत्र मागा.

याशिवाय शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले शासन निर्णय सर्वांसाठी खुले असतात. एकाच विषयावरच्या चार शासन निर्णयांपैकी नंतरच्या निर्णयाने आधीच्या कोणत्या परिच्छेदात बदल केला, हे सहायकाकडून शोधून घेण्यास हरकत नाही. शोधलेला परिच्छेद टिपणीत उद्धृत करण्याआधी मूळ प्रतीशी ताडून घ्यावा.

प्रश्न : मी ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. सभेचे ध्वनिमुद्रण करून सहायकाकडून इतिवृत्त तयार करून घेतले. एका सभासदाने गच्चीचे वॉटरप्रूफिंग यंदा करून टाकू असे सुचवले होते आणि अध्यक्ष 'बघू, आधी दोन कोटेशनं तर येऊ देत' असे म्हणाले होते. इतिवृत्तात मात्र 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग यंदा करण्याचे ठरले' असे आले. वेळीच लक्षात आले म्हणून बरे. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : आपला अनुभव बोलका आहे, आणि त्याचे कारण आपल्या बोलण्याच्या रीतीतच आहे. 'बघू' म्हणजे होकार नव्हे, 'करून घेऊ' म्हणजे ठराव नव्हे आणि 'हरकत नाही' म्हणजे मतदान नव्हे, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला स्वरावरून कळते. सहायकापुढे ध्वनिमुद्रणाचे लेखी रूप येते. त्यात स्वर उतरत नाही, आणि इतिवृत्त म्हटल्यावर निर्णय असणारच असे गृहीत धरून तो त्यांतल्या त्यात निर्णयासारखे दिसणारे वाक्य उचलतो.

म्हणून त्याला वर्गवारी आधीच नेमून द्या. ज्या विषयावर सूचक आणि अनुमोदक यांची नावे उच्चारली गेली आणि सभेने मान्यता दिली, तोच 'ठराव'. बाकी सगळी 'चर्चा'. एखाद्याने एखादे काम स्वतःकडे घेतले असेल तर ती 'जबाबदारी', आणि तिच्यासमोर त्या व्यक्तीच्या तोंडचे वाक्य. सूचक-अनुमोदकांची नावे सापडली नाहीत तर ती जागा कोरी ठेवण्यास सांगा. कोरी जागा आपल्या डोळ्यांना लगेच दिसते आणि ती भरून काढता येते. चुकीचे नाव तसे दिसत नाही.

मराठी आकड्यांची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण पैशाचे वाद तेथूनच निघतात. आपण सभेत 'पावणेदोन लाख', 'सव्वातीन हजार', 'अडीचशे' असे बोलतो. ध्वनीवरून मजकूर करताना 'पावणेदोन'मधले 'पावणे' गळाले की १,७५,००० रुपयांचे २,००,००० रुपये होतात. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची गल्लत तर माणसाच्या कानालाही होते. 'परवा' या शब्दाचेही तसेच आहे. तो झालेल्या दिवसासाठी आणि येणाऱ्या दिवसासाठी सारखाच वापरला जातो. 'लिफ्टवाला परवा येऊन गेला' आणि 'लिफ्टवाला परवा येतोय' यांत क्रियापद ऐकताना चूक झाली तर इतिवृत्तात झालेली दुरुस्ती व्हायची राहिलेली दिसेल, किंवा व्हायची असलेली झालेली दिसेल. यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक ठरावाच्या वेळी अध्यक्षांनी किंवा आपण त्याचा पूर्ण मजकूर सावकाश मोठ्याने वाचावा, रक्कम 'एक लाख पंचाहत्तर हजार' अशी फोडून सांगावी आणि तारीख महिन्यासह उच्चारावी. याचा फायदा सहायकापेक्षा मागच्या रांगेतल्या सभासदांना अधिक होतो, कारण आपण नेमक्या कशाला हात वर करतो आहोत हे त्यांना तेव्हाच कळते.

ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी सभेला तसे सांगावे, कोणाची हरकत असल्यास ती नोंदवावी आणि इतिवृत्त कायम झाल्यावर मुद्रणाची फाइल काय करायची हे समितीने आधीच ठरवावे. थकबाकीदारांची नावे आणि त्यांच्या रकमा यांचा विषय निघेल तेव्हा मुद्रण थांबवून हाताने टिपणे घ्यावीत असे मला वाटते. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेआधी हे नियम समितीच्या एखाद्या लहान बैठकीत वापरून पाहता येतील.

प्रश्न : मी नागपुरात एका वकिलांच्या कार्यालयात काम करतो. करारनाम्याच्या सारांशात सहायकाने मूळ कागदात नसलेली अट लिहिली. 'ही अट खरोखर आहे का?' असे विचारल्यावर त्याने 'होय' म्हणून पुन्हा खात्री दिली. मग विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर : ज्याच्या उत्तराविषयी शंका आहे, त्यालाच साक्षीला उभे करण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले निवाडे दाखल केले. त्यांतले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते खरे आहेत का, असे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि त्याने होकार दिला होता. त्या वर्षीच्या जून महिन्यात न्यायालयाने संबंधितांना ५,००० डॉलरचा दंड केला. ही साधने पुढचा संभाव्य शब्द निवडत वाक्य रचतात. करारनाम्यात साधारणपणे जी अट असते, तिचे वाक्य त्यांना सहज सुचते, मग ती आपल्या हातातल्या करारनाम्यात असो वा नसो.

तरीही पदरची भर घालण्यापेक्षा गाळणूक मला अधिक घातक वाटते, आणि यात माझी स्वतःची चूक सांगणे योग्य होईल. एका कामाच्या मुदतवाढीचे चार पानी पत्र माझ्याकडे आले होते. घाईत असल्याने मी त्याचा गोषवारा करून घेतला. त्यात 'मुदतवाढ मंजूर' असे होते आणि ते अगदी बरोबर होते. त्यावरून मी पुढची टिपणी लिहिली. मूळ पत्रात मात्र 'विलंबाबद्दल दंड वसूल करण्याच्या अधिकारास बाधा न येता मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे' असे वाक्य होते. त्यातला अर्धा भाग गळाला आणि टिपणी वाचणाऱ्याचा समज असा झाला की, दंड माफ झाला आहे. एका दक्ष सहकाऱ्याने ते पकडले. गोषवाऱ्यातले एकही अक्षर खोटे नव्हते, म्हणूनच मला संशय आला नाही. सहायकाने भर घातली तर ते वाक्य निदान समोर दिसते आणि मूळ कागदात शोधता येते. त्याने जे गाळले ते शोधायला आपल्या हाती काहीच नसते.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. गोषवारा आला की मूळ फाइलमध्ये काही शब्द शोधतो : तथापि, परंतु, मात्र, वगळून, अन्यथा, अधीन राहून, बाधा न येता, अपवाद. आपल्या कार्यालयीन मराठीत अट नेहमी यांच्यापैकी कोणत्या तरी शब्दामागे उभी असते. त्या प्रत्येक ठिकाणचे वाक्य गोषवाऱ्यात उतरले आहे का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. आणि ज्या कागदावर आपली किंवा आपल्या वकीलसाहेबांची सही होणार आहे, तो मूळातूनच वाचायचा. गोषवाऱ्याने कोणत्या पानावर आधी नजर टाकायची ते कळावे. वाचन मात्र आपलेच असावे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या जुन्या परिपत्रकांच्या पीडीएफ सहायकाला दिल्या तर तो काहीतरी भलतेच सांगतो, इंग्रजी कागद मात्र नीट वाचतो. मराठी त्याला येत नाही का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मराठी बऱ्यापैकी येते, दोष बहुधा फॉन्टचा आहे. युनिकोड, म्हणजे संगणकावर सर्व लिपींसाठी वापरली जाणारी समान अक्षरसंकेत पद्धती, रूढ होण्याआधीच्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलच्या आत तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या स्वरूपात साठवलेला असतो. सहायकाला ती निरर्थक चिन्हेच मिळतात आणि तो त्यांतून तर्क लढवतो. पीडीएफमधली एक ओळ उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा, लगेच खुलासा होईल. अशा फाइल फॉन्ट परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणाव्यात, किंवा पानाचे चित्र करून त्यावरून अक्षरे ओळखून घ्यावीत. दोन्हींनंतर जोडाक्षरे आणि आकडे तपासावे लागतात. ३ आणि ६, १ आणि ९ यांची अदलाबदल अंधुक प्रतींत वारंवार होते.

ही साधने मजकूर लहान तुकड्यांत फोडून वाचतात. देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा साधारणपणे अधिक तुकडे पडतात, त्यामुळे एका वेळी मावणारा मराठी मजकूर काहीसा कमी असतो. एवढ्यावरून मराठी कागदाचा गोषवारा इंग्रजीत मागू नये. 'मान्य', 'मंजूर' आणि 'नोंद घेतली' या तिन्हींचा कार्यालयात वेगवेगळा परिणाम होतो, आणि भाषांतराच्या वाटेवर तो पुसट होतो.

प्रश्न : मी नाशिक येथे एका निमशासकीय कार्यालयात मुख्य लिपिक असून पुढच्या वर्षी सेवानिवृत्त होईन. नव्याने लागलेली मुले हुशार आहेत, पण फाइल वाचतच नाहीत. सहायकाकडून सारांश घेतात आणि त्यावरून टिपणी लिहितात. साहेबांना ती वेळेत मिळते, म्हणून ते खूश असतात. माझी काळजी अनाठायी आहे का?

उत्तर : नाही, ती अगदी रास्त आहे, आणि आपण ती बोलून दाखवली याबद्दल मी आपला आभारी आहे. फाइल वाचणे म्हणजे केवळ माहिती गोळा करणे नव्हे. तीन वर्षांपूर्वीचा शेरा कोणाच्या हाताचा आहे, पत्र तारखेआधीच आवक झालेले कसे दिसते, एकाच पक्षाने दोन अर्जांत वेगवेगळा पत्ता का दिला, या गोष्टी वाचता वाचता खटकत जातात आणि त्या खटकण्यातूनच माणूस जाणता होतो. तयार सारांश वाचणाऱ्याला काही खटकत नाही, कारण खटकण्याजोगे सगळे त्यातून आधीच गेलेले असते.

म्हणून त्या मुलांना सहायक वापरू नका असे सांगण्याऐवजी क्रम बदलायला सांगावे. आधी स्वतः फाइल वाचून दहा ओळींचा गोषवारा हाताने लिहायचा. मगच, आपल्या कार्यालयाची परवानगी असलेल्या कागदांपुरता, सहायकाकडून दुसरा गोषवारा घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. जेथे फरक पडेल तेथे मूळ पान उघडून कोण बरोबर ते ठरवायचे आणि तेवढ्याच ओळी आपल्याला दाखवायच्या. पहिले सहा महिने असे केले तर त्यांचे वाचन पक्के होईल आणि सहायक कोठे चुकतो याची पारखही येईल. सहायकाकडे उत्तरांऐवजी प्रश्न मागणे हाही एक चांगला मार्ग आहे : 'या प्रकारच्या प्रकरणात टिपणी लिहिण्यापूर्वी मी फाइलमध्ये काय काय शोधायला हवे?' अशा प्रश्नात कोणाचा कागद द्यावा लागत नाही. आलेली यादी आपल्यापुढे ठेवली की त्यात काय राहिले ते आपण सांगालच, आणि तेच त्या मुलांना इतरत्र कोठेही मिळणार नाही.

आपल्या निवृत्तीला वर्ष आहे, म्हणून आणखी एक विनंती करतो. कार्यभार सोपवताना फाइलींची यादी दिली जाते, पण त्या फाइलींबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते कोठेच लिहिले जात नाही. आजपासून रोज पंधरा मिनिटे, व्यक्तींची नावे न घेता, मोबाइलवर बोलून ठेवा. कोणत्या प्रकारची प्रकरणे दरवर्षी मार्चअखेर परत येतात आणि का, कोणत्या नियतकालिकाचे आकडे जुळत नाहीत आणि ते कोणत्या नोंदवहीशी ताडायचे, कोणत्या शाखेचे उत्तर स्मरणपत्राशिवाय येत नाही, असे जे सुचेल ते. ते बोलणे लिहून काढणे आणि विषयवार लावणे हे काम सहायक उत्तम करतो. आठवड्याच्या शेवटी त्याची प्रत काढून आपण स्वतः वाचा, चुकलेले दुरुस्त करा आणि स्थायी आदेशांच्या संचिकेशेजारी लावा. पहिल्या दिवशी कोठून सुरुवात करावी असे वाटले, तर आपण रुजू झालात तेव्हा समजायला सर्वांत जास्त दिवस लागलेली जी फाइल होती, तिच्यापासून करावी.